भांडणारी सुधा

शुक्रवार, नेरूळ. संध्याकाळ.

मुलीने, मुक्ताने, दिलेली छोटी जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, वाचली. त्यातला विधुर दरवर्षी बायकोचं चित्र काढतो आणि ती दरवर्षी जास्त गोड दिसते. शेवटी तिला ओळखणारी शेजारीण चित्र बघून विचारते, "ही कोण?"

मला हसू येईना. परवा बायकोच्या, सुधाच्या, वर्षश्राद्धाला मीही पाहुण्यांपुढे बोललो होतो. शांत, सोशिक, कधी आवाज चढवला नाही वगैरे. पानात वाढता वाढता मुक्ता पुटपुटली, "काय हो बाबा, आई रोज भांडायची तुमच्याशी!"

भांडायचीच. माझा लेख वाचून म्हणायची, "हा विनोद की रडगाणं?" जगाची टर उडवणाऱ्या मी घरातल्या एकमेव टीकाकाराची देवी का केली? सोयीचं पडलं म्हणून?

आता तिचं एक तरी भांडण आठवत बसलोय. शब्द सगळे आठवतात. आवाज मात्र माझाच येतो.