मेट्रन पंथाचे नियम

दि. ३ जून

चि. ढब्बूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. शुद्धलेखन तपासायला म्हणून पाठवलेली ती पानं मी वाचली आणि चहा तसाच गार झाला. दर शनिवारी चार मोठी माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकतात आणि राक्षस मारतात, एवढं मला ठाऊक होतं. तुझा योद्धा कायम दाराआड लपतो, म्हणून खेळ चालवणारा तो दंतवैद्य वैतागला आहे, हेही कळलं. नुसत्या हातांनी लढणाऱ्या मठवासी योद्ध्याची एक नवी शाखा स्वतः तयार कर आणि पुढे हो, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला देतो, असं तो म्हणाला. त्या गावात त्या टेबलाखेरीज तुझ्याशी दोन शब्द बोलणारं कुणी नाही. हे सगळं समजलं. पण त्या शाखेला ‘मेट्रन पंथ’ नाव देऊन नमुना म्हणून मला घ्यायला कुणी सांगितलं होतं?

आणि घेतलंस ते घेतलंस, तेही चुकीचं! म्हणे ‘सिंहगर्जना’. हॉस्पिटलात मेट्रन होते, पण अख्ख्या नोकरीत मी आवाज चढवला नाही. ओरडतात त्या नव्या लागलेल्या नर्सेस. आमच्या कॉन्व्हेंटची मदर सुपीरियर बाह्यांत हात घालून व्हरांड्याच्या टोकाला नुसती उभी राहायची आणि पन्नास मुली आपापले मोजे वर ओढायच्या. ही खरी मठातली विद्या. तुझ्या दंतवैद्याने मठ पाहिला तरी आहे का?

‘लोखंडी मूठ’ खोडून टाक. मी कुणाला मारलेलं नाही. दारू पिऊन वॉर्डात शिरलेल्या नातेवाइकाच्या कोपराला दोन बोटं लावली की तो फाटकापर्यंत चालत जायचा आणि वर त्याला वाटायचं, आपणच निघालो. ‘चष्मा पुसणे’ हे लिहायचंच राहिलं आहे. समोरच्याकडे न बघता, सावकाश. काच स्वच्छ होईपर्यंत तो सगळं कबूल करतो. शेवटी ‘भेटीची वेळ संपली’. हे म्हटल्यावर खोलीत कुणीही थांबत नाही. तुमच्या ड्रॅगनलाही भेटीची वेळ असलीच पाहिजे.

‘वय: अतिप्राचीन’ हे कोणाला उद्देशून आहे, ते उलट टपाली कळव.

रागावलेली असले तरी तुझीच,
आत्या

दि. ८ जून

ती. आत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

वय खोडलं. गर्जना आणि मूठही खोडली. तू सुचवलेली तिन्ही कौशल्यं घातली आहेत. आमच्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या काचा पुसताना ते दुसरं करून पाहिलं, पण माझ्याने होत नाही. मीच घाबरून सवलत देऊन टाकली.

एक नियम तुला सांगायला हवा. कौशल्य फुकट वापरता येत नाही. योद्ध्याकडे दिवसाला तीन ‘दम’ असतात. एक कौशल्य वापरलं की एक दम खर्च होतो. तिन्ही संपले की तो साधा माणूस. तासभर झोप काढली तर तिन्ही परत मिळतात. हा नियम सगळ्याच मठवासींना आहे, तुझ्यासाठी वेगळा केलेला नाही, तेव्हा कृपया दंतवैद्यांना फोन करू नकोस. पुढच्या शनिवारी खेळून बघायचं आहे.

आशीर्वाद असू दे, त्याची या आठवड्यात फार गरज आहे.

तुझा,
ढब्बू

दि. १४ जून

चि. ढब्बूस अनेक उत्तम आशीर्वाद.

नियम खरा आहे की नाही हे न बघता त्याखाली माझं नाव जाऊ देणार नाही, म्हणून मंगळवारी दिवसभर मी तो पाळला. सकाळीच पहिला दम वरच्या मजल्यावरच्या पैलवानावर गेला. तो पहाटे डंबेल्स आपटतो. दोन बोटं लावली, तो स्वतःच्या हाताने डंबेल्स तळघरात ठेवून आला. दुसरा लिफ्टवाल्यावर. तिसरा वाण्यावर, आणि तो वाया गेला, कारण बिचाऱ्याचं वजन बरोबर होतं.

म्हणजे पेन्शन ऑफिसात पोचले ती रिकामी. हयातीचा दाखला द्यायचा होता, आणि खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी. एरवी मी चष्मा काढला असता. पण नियम म्हणजे नियम. पर्स उशाला घेतली आणि बाकावर आडवी झाले. शिपायाला वाटलं, म्हातारी गेली. त्याने आतून साहेबांना आणलं, साहेबांनी माझा अर्ज आणला आणि मी हयात आहे असं लिहायचं की नाही, यावर माझ्या डोक्याशी खल सुरू झाला. मला सगळं ऐकू येत होतं, पण तास भरला नव्हता, म्हणून उठले नाही.

तास भरल्यावर उठले आणि चष्मा पुसायला घेतला. साहेबांनी आपणहून सांगितलं की सुट्टी केव्हाच संपली आहे. पुढे, कुणी विचारलं नसताना, हेही सांगितलं की आईला बरेच दिवस पत्र टाकलेलं नाही. तिथेच बसवून लिहून घेतलं.

तुझा नियम निर्दोष आहे. दंतवैद्याला तसं सांग.

प्रेम आहेच, ते वेगळं लिहीत नाही.

आत्या

दि. १७ जून

ती. आत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

घात झाला. शनिवारी आपली मेट्रन गुहेत शिरली आणि पंधरा मिनिटांत गुहा रिकामी. राक्षसांचा राजा माफी मागून रांगेत उभा राहिला. बाकीच्यांना काही कामच उरलं नाही; बेकरीवाल्या ताई तर शेंगदाणे सोलत बसल्या. दंतवैद्य म्हणाले, ही शाखा आहे की साथीचा रोग? प्रत्येक शाखेला एक कमजोरी लागते. येत्या शनिवारी ती लिहून आणली नाही तर शाखा रद्द आणि माझी खुर्चीही. तिच्यासाठी एक सर्वेअर रांगेत आहे.

आत्या, तुझी एखादी कमजोरी सांग ना. लहानशी चालेल.

तुझा काकुळतीला आलेला,
ढब्बू

दि. २० जून

चि. ढब्बूस आशीर्वाद.

मला कमजोरी नाही. गुडघा दुखतो, पण ती गुडघ्याची कमजोरी आहे, माझी नाही.

शनिवारी सकाळच्या बसने मी येते आहे. इंजेक्शनची सुई बघून कोसळलेले दंतवैद्य मी दोन हातांनी उचलले आहेत, हाही त्यातलाच निघेल. तुला शाळेत वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा हेडमास्तरांकडे कोण गेलं होतं? दुकानाचा मालक रजा देईना तेव्हा फोन कुणी केला होता? आताही तसंच. तू माझ्या मागे उभा राहा आणि तोंड उघडू नकोस. पुढचं मी बघते.

चादर धुतलेली असू दे.

आत्या

दि. २१ जून

ती. आत्यास नमस्कार.

आमच्या दुकानातला माणूस रात्रीच्या गाडीने तुमच्या गावी निघाला आहे, त्याच्या हाती हे देतो. बस सुटण्याआधी मिळावं.

येऊ नकोस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कमजोरी सापडली. अशी लिहिली आहे: ‘या पंथाचा योद्धा लढत असेतो, त्याच्या मागे उभ्या असलेल्याची जीभ आणि हातपाय चालत नाहीत.’ तू आलीस तर खुर्ची नक्की राहील, पण तिच्यात तू बसलेली असशील. रागाव हवं तर.

ढब्बू

दि. २४ जून

ती. आत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

तू आली नाहीस. उत्तरही नाही. तरी लिहितो.

दंतवैद्यांनी कमजोरी वाचली आणि नाकारली. हे नुकसान मागच्याचं, योद्ध्याचं नाही, म्हणून चालणार नाही, म्हणाले. मी म्हणालो की योद्ध्याचंच आहे, कारण त्याच्या मदतीला मग कधीच कुणी येत नाही, तो म्हातारा होईपर्यंत एकटाच लढतो. ते नाही म्हणाले, मी पुन्हा हो म्हणालो. आवाज चिरकत होता, कान तापले होते, पण बोलत राहिलो. सर्वेअर आपला डबा घेऊन दारातच उभा. शेवटी बेकरीवाल्या ताईंनी टेबलावर थाप मारून सांगितलं की या मुलाला इतकं बोलता येतं हे आजच कळलं, आता हा गेला तर मीही चालले. दंतवैद्यांनी सही केली.

तुझा चष्मा मला एकदाही आठवला नाही.

रुसली असलीस तरी उत्तर टाक.

तुझा,
ढब्बू

दि. २९ जून

चि. ढब्बूस अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या कमजोरीबद्दल आधी भांडायचं होतं. चार वेळा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. मुद्दा बरोबर आहे, भाषा उद्धट आहे. भाषा सुधार.

तुझा माणूस आला तेव्हा मी बसमध्ये खिडकीशी बसले होते. त्याने खिडकीतून चिठ्ठी दिली. कंडक्टरने घंटा दिली. मी वाचलं आणि बॅग घेऊन उतरले. पायऱ्या तीनच होत्या, पण इतक्या अवघड पायऱ्या मी हॉस्पिटलात कधी उतरले नव्हते. घरी येऊन अख्खा शनिवार फोनकडे पाठ करून बसले.

तुमच्या खेळात योद्धा मुरत जातो तशी त्याची पातळी वाढते आणि वरची कौशल्यं मिळतात म्हणे. तर मेट्रन पंथात एक आणखी लिही: ‘बसमधून उतरणे’. ते सर्वांत वरच्या पातळीला ठेव. त्याआधी कुणालाही देऊ नकोस, जमणार नाही.

बेकरीवाल्या ताईंना माझा नमस्कार, आणि आत्यावर लोभ आहे तसाच ठेव, फक्त तो माझ्या मागून नको, शेजारी उभा राहून.

तुझी,
आत्या