दुसऱ्याच्या तोंडची हजेरी

प्रिय प्रीतम,

इथे मस्कतला आता बर्फाच्या कारखान्यात लागलोय. गॅरेजचं काम सोडलं. एका जागी टिकत नाही मी, तुला ठाऊकच आहे. फोन केला असता, पण तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहितोय. अक्षर आठवीत शाळा सोडली तेव्हाचंच आहे, सांभाळून घे.

आमची धाकटी सई सांगत होती, तिच्या शाळेत पीटीचे सर म्हणून तुझी जाम वट आहे, पोरं टरकतात म्हणे. बाकाखाली वडापाव खाणारा तू! लई हसलो. मग म्हणाली, तिच्या वर्गाला तू आरेच्या जंगलात तंबूत राहायला नेतोयस. तिथे हसू थांबलं.

आपली सातवीची सहल तिथलीच ना रे? मुलुंडहून बस, आधी डेअरी, मग बागेत पुरीभाजी. मी माकडांच्या मागे झाडीत घुसलो आणि परत आलो तर रस्ता मोकळा. सरांनी बसमध्ये हजेरी घेतली आणि माझ्या नावाला तू ‘हजर सर’ ओरडलास. रोज मी उशिरा यायचो, रोज तूच ओरडायचास. तुला वाटलं, असेन मागच्या सीटवर. दुसऱ्या दिवशी रडत तूच सांगितलंस. माझा राग नव्हता, आजही नाही.

पण तू विचारायचास, तिथे काय झालं, तर मी म्हणायचो, काय नाय यार, मजा आली. मजा कसली? बस गेली त्या दिशेने धावून दम संपला. ऊन उतरलं, पाखरं एकदम गप्प झाली, आणि गवतातून काहीतरी माझ्या बरोबरीने चालायला लागलं. मी थांबलो की तेही थांबायचं. ओरडायला तोंड उघडलं, आवाजच फुटेना. चड्डी ओली झाली. पाड्यावरच्या सखुबाई लाकडं घेऊन येत होत्या. म्हणाल्या, पदर धर माझा, मागं बघू नको. तबेल्यात म्हशींच्या मधे बसवलं, आई येईपर्यंत. गवतात काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अजून संध्याकाळ झाली की वाटतं, सगळे मला सोडून निघाले. म्हणून कुठूनही मीच आधी निघतो.

आई गेल्यापासून सई मावशीकडे आहे. तीही माझ्यासारखीच, काही दिसलं की मागे जाते. काल फोनवर फिदीफिदी हसत म्हणाली, ‘दादा, मला उशीर झाला ना, की निधी माझी हजेरी देते. प्रीतम सरांना अजून कळलंच नाही!’ तिला ओरडलो, ती रुसली, फोन ठेवला. प्रीतम, तिथे नावं पुकारू नकोस. एकेकाच्या डोक्यावर हात ठेव, तोंड बघ, मगच बस सोड. सई दिसली नाही तर कोण काय ओरडतंय ते ऐकू नकोस, बस जागची हलवू नकोस. आणि ती बसमध्ये बसली की लगेच मला फोन लाव. तू बोलू नकोस, तिलाच दे.

तुझाच घाबरट,
बाळा