हलू नका, पप्पा!

५ जानेवारी, रविवार
फोटोत पप्पांना तीन नाकं आलीत! कान एकही नाही.
पुठ्ठ्याचा कॅमेरा, भंगारातल्या झेरॉक्स मशीनचं भिंग, वहीच्या पानाएवढी एक्स-रे फिल्म. खरी मोठी फिल्म कुणाला परवडते! तरी सगळं जमलेलं. मी "आता!" म्हटलं की दहा सेकंद गप्प बसायचं, एवढंच पप्पांचं काम. तर नेमके शेजारचे कुंडलिककाका दारात. "जय भीम, जय भीम!" — पप्पांची मान, हात, सगळं हललं.

१२ जानेवारी
परत कळव्याला. माहेरच्या बाथरूमसारखा काळोख आमच्या ठाण्याच्या घरात नाही. दाराला गोधडी, आत लाल बल्ब, मी आणि फिल्म धुवायचं केमिकल. बाहेरून आई — "प्रियांका, माझी परात घेतलीस?"
केमिकल ओतायला घेतलेली.
आज पप्पा शिंकले.

१५ जानेवारी
हातांचा वास जात नाही. प्रफुल्ल जेवताना म्हणतो, "लोणचं खराब झालंय का गं?" नवरा आहे की कोण!

१९ जानेवारी
ओढणीने पप्पांचं डोकं खुर्चीला बांधलं. खुर्चीसकट हलले! जन्मभर एसटी चालवली, अंगात खड्डे मुरलेत. मी ओरडलेच — "एक फोटो, पप्पा! एकदाचा नीट आला की सुटले मी!"
मी फणफणत निघून आले.

२१ जानेवारी
आईचा फोन. "अगं, मुद्दाम हलतात ते! लग्नानंतर सलग तीन रविवार कधी आलेलीस का तू? शनिवारपासनं शर्टाला इस्त्री करून बसतात. मी सांगितलं म्हणून बोलू नकोस हां."
खरंच की! मी भिंग जुळवत असते तेव्हा पुतळ्यासारखे बसतात. "आता!" म्हटलं की शिंक. येडीच मी!


२६ जानेवारी
आज "आता!" म्हटलंच नाही. गुपचूप फिल्म सरकवली, भिंगावरचं झाकण काढलं, काळ्या कापडात डोकं घालून पुटपुटले — "थांबा हं, अजून जुळवतेय." पप्पा पुतळा!
लाल उजेडात हळूहळू उमटले. भुवईचा केसन् केस. रडूच आलं.
दाराबाहेरून — "काय गं, आला का?"
"कसला येतोय! परत हललात. आता पुढच्या रविवारी."
"तुझी मशीनच बोगस!" पप्पा म्हणाले. काय खूश!