जागेवर नाही

सोम., १० नोव्हें.
आजपासून खुर्ची बदलली. फॉर्म तपासायचे नाहीत, फॉर्म तपासणाऱ्यांना तपासायचं. महांतेश सर म्हणाले, "सुजाता, तुझं रेकॉर्ड क्लीन आहे, म्हणून तू." दोन वर्षं एकच केलं. कुठल्यातरी सरकारी योजनेचा स्कॅन केलेला जुना अर्ज डावीकडे, टाइप केलेली नावं उजवीकडे. चूक दिसली की दुरुस्त करायची, पुढचा अर्ज.
आता समोर अठरा चौकोन, प्रत्येकात एक माणूस. तीन मिनिटं माउस हलला नाही की चौकोन लाल, खाली 'जागेवर नाही'. कोण, किती वेळ, मी लिहायचं.
मान आखडली. कुणी जांभई दिली की मलाही येते.

बुध., १२
शोभाआक्का ४ वेळा लाल. शुगर आहे त्यांना, सारखं उठावं लागतं. काम मला त्यांनीच शिकवलं. आज उठताना कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. म्हणजे माझ्याकडे. मीही हसले. त्यांना कसं दिसणार.
४ वेळा लिहिलं. कारण लिहायला जागा नाही.

शुक्र., १४
डबा खाताना आक्का म्हणाल्या, "व्हय गं, मी लाल झालो की तुझ्याकडं घंटी वाजतीय काय?"
"न्हाय आक्का, नुसतं दिसतंय."
"मग बघू नको की."
बाकीचे खाली मान घालून जेवत होते.

रवि., १६. निपाणी
आईनं विचारलं, नवीन काम काय? सांगितलं. तिला कळेना. वीस वर्षं विड्या वळल्या तिनं, आता डोळे साथ देत नाहीत.
"त्या अर्जांचं पुढं काय हुतंय?"
"माहीत न्हाय."
"कोण वाचतंय तरी?"
"माहीत न्हाय गं."
मग म्हणाली, "आमच्या विड्या निदान कोणतरी वढत हुतं." आणि भाकरी थापायला उठली. टोमणा नव्हता. म्हणूनच लागलं.

मंगळ., १८
चौकोन दाबला की त्या माणसाची स्क्रीन दिसते. आक्कांच्या स्क्रीनवर सत्यव्वा नावाच्या बाईचा अर्ज. टाइप करणाऱ्यानं 'सत्यवान' केलेलं, पुढं 'स्त्री'. हाच अर्ज गेल्या वर्षी दिवाळीआधी माझ्याकडे आलेला. तेव्हा आक्का आणि मी लई हसलो होतो. मी दुरुस्त केला होता. आज परत सत्यवान.
आक्कांनी ओळखलं. हात माउसवरून काढला आणि बसून राहिल्या. लाल.
जुन्या नोंदी काढल्या. हा अर्ज तिसऱ्यांदा आलाय. बाकीचेही. सगळेच.

बुध., १९
सरांना जिन्यात गाठलं, तिथं कॅमेरा नाही. चहा पीत होते. म्हणाले, "ती योजना बंद पडून किती वर्षं झाली. वरून रिपोर्ट मागतात तो माणसं किती तास बसली त्याचा. फॉर्मचं कोण विचारत नाही."
"मग आम्ही दुरुस्त केलेलं?"
"बिडु," सर कानडीत म्हणाले, "सोड. नको विचार करू. मलापण वरून कोणतरी बघतंच की."
धक्का वगैरे बसला नाही. जिना चढून परत अठरा चौकोनांसमोर बसले.

सोम., २४
आक्कांना काढायचं ठरतंय. 'जागेवर नाही' फार झालं म्हणे. बेंगळूरला हेड ऑफिसात रिपोर्ट जाणार, सही माझी.
संध्याकाळी खडेबाजारापर्यंत आक्कांबरोबर चालत गेले. सांगून टाकलं. त्या मेथीच्या जुड्या बघत होत्या. भाजीवालीला म्हणाल्या, "ही पिवळी पडलीया गं," आणि मग मला, "लिही की. उठतोय ते खरंच हाय. पण कशावरनं उठतोय तेबी लिही."

मंगळ., २५
लिहिलं. 'श्रीमती शोभा दिवसाला साधारण चाळीस मिनिटं जागेवर नव्हत्या. कारण आजार. ज्या कामावरून त्या उठल्या, ते काम गेल्या वर्षीच पूर्ण झालेलं आहे. अर्ज तेच, चुका त्याच.' सत्यव्वाचा अर्ज आला त्या तिन्ही तारखा जोडल्या. सही.
सरांनी दोनदा वाचलं. "हे असंच पाठवू?"
"पाठवा."
"तुझीपण नोकरी जाईल."
घरभाडं, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं डोक्यात आलं. कागद मात्र मागं घेतला नाही.

गुरु., २७
बेंगळूरहून काही उत्तर नाही. आक्का कामावर येतायत. येऊ नका असं कुणी म्हटलेलं नाही. दिवसभर अठरा चौकोन. आज मी एकही नोंद केली नाही. त्याचीही कुठंतरी नोंद होत असणार.

शुक्र., २८
बेंगळूरहून मेल. सोमवारी ११ वा. व्हिडिओवर हजर राहायचं, मी आणि सर. विषय लिहिलेला नाही.
निघताना सरांनी जिन्यात थांबवलं. "काय सांगणार आहेस?"
"लिहिलंय तेच."
ते कप हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. मी तुझ्या बाजूला बसतो."
बाजूला म्हणजे नुसतं शेजारी, का माझ्या बाजूनं, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.