मामांनी वाखाणलेली बाटली

गुरुग्राम, ४ नोव्हेंबर २०२४

ती. राजाभाऊमामांस,
यशोधनचा शि. सा. न. वि. वि.

दिल्लीच्या हॉटेलात जन्मभर वाईन पारखून निवृत्त झालात, तेव्हा मला बोर्डोची एक लाल वाईन दिलीत आणि मी सांगेन तेव्हाच उघडायची, असा दम भरलात. तेव्हापासून ती अंधारात, गारव्यात आडवी पडून आहे. उन्हाळ्यात आमच्याआधी तिची सोय होते. अबोली तिला सवत म्हणते! आता ती पिकली असेल असं तुम्हीच म्हणालात, तर उघडायलाही तुम्हीच या. आमच्या मामांच्या नाकापुढे भल्याभल्यांनी हात टेकलेत, असं ऑफिसातल्या मित्रांना सांगून बसलोय. कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनात जेवायलाही जाऊ.

मामीला नमस्कार. येण्याची तारीख कळवून लोभ दाखवावा.

आपला,
यशोधन


गुरुग्राम, २ डिसेंबर २०२४

ती. लतामामीस,
सा. न. वि. वि.

फोन मामाच उचलतात, म्हणून हे पत्र तुमच्या शेजारच्या सुनयनाताईंच्या पत्त्यावर.

शनिवारी बाटली उघडली आणि पहिल्याच वासाला कळलं की बूच मुळातच खराब होतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून बिघडलेल्या बाटलीची मी इतकी वर्षं बडदास्त ठेवली. मामा हुंगतील आणि एका शब्दात निकाल लावतील, असं वाटलं. पण त्यांनी डोळे मिटून देवदार, तंबाखू, काळ्या मनुका असं कितीतरी वेळ वर्णन केलं. माझा मित्र विक्रांत काही बोलणार, तोच मी टेबलाखाली त्याचा पाय दाबला. मग सगळ्यांनी माना डोलावत पेले संपवले.

मामांना वास येत नाही का गं? त्यांना खरं सांगू की गप्प राहू?

माया असू दे.

तुझा,
यशोधन


पुणे, ११ डिसेंबर २०२४

चि. यशोधन यास,
अ. उ. आ.

दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून ह्यांना वास येत नाही. दूध करपलं तरी शेजारी बसून पेपर वाचतात. कुणाला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली होती. दिल्लीला जाऊ नका म्हटलं, तर पोराने एवढी जपलीय आणि त्या वाईनचा वास मला तोंडपाठ आहे, म्हणाले.

आता गप्प राहून उपयोग नाही. परवा जेवताना हे एकदम म्हणाले, बाटली खराब होती. कसं कळलं, विचारलं. तर म्हणाले, हॉटेलात मी बोलायला लागलो की कुणीतरी हटकून वाद घालायचं. यशोधनकडे कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. आजाऱ्यापुढे करतात तसं सगळे होला हो करत होते. निदान यशोधनने तरी मला टोकायला हवं होतं, म्हणाले. तेवढंच लागलंय त्यांना.

तुला काय बोलू? मीही दोन वर्षं होला होच करतेय. काल त्यांनी वाईन पारखायचे आपले पातळ काचेचे सगळे पेले जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून तुझ्या पत्त्यावर पाठवले. मला अडवायचं धैर्य झालं नाही.

अबोलीला आशीर्वाद. म्हाताऱ्यांवरचा लोभ कमी करू नकोस. पेले मिळाले की ह्यांना फोन कर, आणि गोड काही बोलू नकोस. चांगला भांड त्यांच्याशी.

तुझी,
लतामामी