जाहिरातीतलं विमान

पुणे, ४ नोव्हेंबर २०२४

ती. बाळूदादास, धाकट्या मनूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी दार उघडून बघतात, म्हणून पत्र. अक्षरं मोठी आहेत, कारण डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग जातो आहे. कडेचं दिसेल, समोरचं पुसट होत जाईल. काल सून मानसी चहा घेऊन आली, तर तिच्या चेहऱ्याच्या जागी धुकं होतं.

अकरा वर्षांत आपण भेटलो नाही. तुला एकदा नीट बघायचं आहे. तुझ्या पाठीला आगगाडी सोसत नाही, तर विमानाने ये. माझा शैलेंद्र तिकीट काढायला बसलाच आहे. त्याला नवल वाटतं, की ज्या मामाने मुंबईत विमानकंपनीच्या जाहिराती रंगवल्या, तो स्वतः कधी विमानात बसला नाही.

वंदनावहिनीला नमस्कार. लोभ आहेच, यंदा तो पुण्यापर्यंत येऊ दे.

तुझी, मनू

अवधपुरी, भोपाळ, १३ नोव्हेंबर

चि. मनूस अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घालून दोन दिवस बरखेड्याकडे फिरत होतो. परवा नात क्षितिजाला संगणकावर माझी एक जुनी जाहिरात सापडली. पाय लांब करून बसलेली माणसं, चांदीच्या तबकात द्राक्षं, गजरा माळलेली हवाईसुंदरी, खिडकीत हाताला लागेल इतका चंद्र. ती म्हणाली, आजोबा, तेव्हा खरंच असं होतं का.

मला माहीतच नव्हतं, मनू. आसन मी गिरगावातल्या दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीवरून काढलं होतं. खिडकीशी बसलेल्या बाईची मान तुझी होती.

नैरोबीचं स्थळ आलं तेव्हा तू हेच चित्र अण्णांपुढे धरलंस. ज्या गावाला अशी विमानं जातात तिथे वाईट काय असणार, म्हणालीस. सांताक्रूझच्या विमानतळावर तू जिना चढून दारात दिसेनाशी झालीस. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, आणि तुला मीच आत धाडलं होतं. पुढच्याच वर्षी ती नोकरी सोडून इथल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झालो. पाठीचं निमित्त आहे. विमानाचं दार दिसलं की मला तू आठवतेस.

कळावे, रागावलीस तरी लिहीत जा.

बाळूदादा

पुणे, २२ नोव्हेंबर

ती. दादास, मनूचा नमस्कार, वि. वि.

ओळी चढल्या-उतरल्या तर सांभाळून घे, हे मानसीकडून लिहून घेण्यासारखं नाही.

त्या विमानात सिगारेटींचा धूर होता. पुढचा माणूस घोरत होता, मला उलट्या झाल्या, नवी साडी बाथरूममध्ये धुवून ओलीच नेसले. तुला मात्र लिहिलं, अगदी तुझ्या चित्रासारखं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून.

पण दादा, मी चित्र बघून गेले नाही. मला जायचंच होतं. अण्णांच्या घरात मी भाकऱ्या थापत म्हातारी झाले असते. अण्णांना माझं बोलणं पटत नव्हतं, तुझं चित्र पटलं, एवढंच. नैरोबीत मी शाळेत शिकवलं, मोटार चालवली, नवऱ्याशी भांडले आणि सुखात राहिले. त्रेपन्न वर्षं तू हे मनात धरून बसलास याचा मात्र राग आला आहे.

सात डिसेंबरचं तिकीट सोबत आहे. माया पातळ होऊ न देणारी,

मनू

अवधपुरी, भोपाळ, १९ डिसेंबर

चि. मनूस अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तुझ्याकडे गप्पांत सांगायचं राहिलं ते लिहितो, मानसीने वाचून दाखवावं.

पुण्याला येताना गुडघे पुढच्या आसनाला टेकत होते आणि खायला कागदात गुंडाळलेला गार ब्रेड मिळाला. शेजारच्या बाई हिंदीत म्हणाल्या, पहिल्यांदा चाललात वाटतं, हात धरू का. मी धरू दिला. मग ढगांच्या वर आलो. वरचं आभाळ मी आयुष्यभर फिकट निळं रंगवलं; ते गडद, शाईच्या दौतीत बघावं तसं होतं. खाली पांढरं, न संपणारं, कुणाचं पाऊल न पडलेलं. आवाज होताच, पण मला कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं निःशब्द सरकत होतं. वाटलं, बरं झालं तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर रंगवायला हात धजला नसता.

तुझ्या गॅलरीत तू मला उन्हात बसवलंस आणि कुंडीतल्या तुळशीकडे बघत राहिलीस. मला वाटलं, तुला दिसत नाही. मग तू सांगितलंस, की समोर बघितलं की मी पुसला जातो, तुळशीकडे बघितलं की कडेला स्पष्ट दिसतो, आणि मी हुबेहूब अण्णांसारखा म्हातारा झालो आहे. त्यानंतरचे दहा दिवस तू दुसरीकडे तोंड केलंस की मी केसांवरून हात फिरवून नीट बसायचो.

संक्रांतीला पुन्हा येतो. तोवर आशीर्वाद, आणि तब्येतीचं खरं काय ते कळवत जा.

तुझा, बाळूदादा