माझ्या बोटाची थरथर

चि. मंजुळेस, दादाचा मायेचा आशीर्वाद.

बाबा होडीच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस ठोकायचे, ती टकटक मला अंधेरीच्या कचेरीतही ऐकू यायची. तिथलं यंत्र रबरी बोटाने टकटक करत मोबाइलची काच तपासतं. मोबाइल म्हाताऱ्यांसाठी, म्हणून मला ठेवलेलं. तिथला हितेशसाहेब म्हणाला, "काका, याचा हात फारच स्थिर आहे. तुमची थरथर द्या ना याला." मी शाळेतल्या कविता गुणगुणत काचेवर बोट टेकवायचो आणि यंत्र ते टिपून घ्यायचं.

आता ते हुबेहूब माझ्यासारखं थरथरतं. त्यामुळे मला सुट्टी दिली. आरामच आहे गं. तुझा गुडघा कसा आहे?

हितेश म्हणतो, यंत्राच्या नोंदींत तुमची थरथर दर आठवड्याला वाढलेली दिसते, डॉक्टरांना दाखवा. एसीचा गारवा, दुसरं काय! तुझ्या नमिताला मात्र कळवू नकोस, पोर घाबरेल. अक्षर हललंय ते टेबल डुगडुगतंय म्हणून.

दार वाजलं, थांब.

नमिता आलीय गं, खारदांड्याहून, एकटीच. हितेशने तिला फोन केला म्हणे. कचेरीत मी तिचाच नंबर दिला होता ना. उंबऱ्यातच तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, तरी तो थांबेना.

आता खरं काय ते तीच तुला लिहील.

तुझा,
भिकूदादा